शुगर उतरली, पण अंगात त्राण नाही: पोळी-भात कमी केल्यावरचा थकवा

टाइप टू मधुमेहात पोळी-भात निम्म्यावर आणला की आठ-दहा दिवसांत ग्लुकोमीटरवरचे आकडे बदलू लागतात. उपाशीपोटीची १७० असलेली शुगर १३०-१४०वर येते, जेवणानंतरची २६०वरून १८०च्या आसपास. नेमकं त्याच सुमारास जिना चढताना पाय भरून येतात, दुपारी चारला डोकं जड होतं, काम करावंसं वाटत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अंगात काही जात नाही म्हणून होतंय हे, खा बरं दोन पोळ्या." दोन पोळ्या पोटात जातात, तासाभरात बरं वाटतं आणि आहार तिथेच सुटतो.

हा थकवा खरा असतो, मनाचा खेळ नसतो. पण पोळी सुटली एवढ्यावर त्याचं कारण संपत नाही. शरीरातून निघून गेलेलं मीठ-पाणी, ताटातली न भरलेली जागा, गोळ्यांचा जुनाच डोस, चढ्या शुगरची शरीराला लागलेली सवय, आणि आहाराशी संबंधच नसलेली बी-१२ जीवनसत्त्वासारखी कमतरता, अशी पाच निराळी कारणं असतात. वाटायला सगळी एकसारखीच, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा. चुकीच्या कारणावर उपाय केला की महिना वाया जातो, आणि एखाद्या वेळी जिवावरही बेततं. म्हणून सुरुवात गोळ्यांपासून.

आधी गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचा

गोळीचं ब्रँडचं नाव सोडून द्या. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत औषधांची मूळ नावं छापलेली असतात, ती एका कागदावर उतरवून घ्या. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि "मी एकच गोळी घेतो" म्हणणाऱ्याच्या पोटात तीन औषधं जात असतात.

त्या यादीत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, तर ही औषधं तुम्ही जेवलात की नाही हे न बघता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. काल दोन पोळ्या आणि वाटीभर भात खाणारा आज अर्धीच भाकरी खाणार असेल आणि गोळी तीच असेल, तर शुगर ७०च्या खाली जाऊ शकते. टोचून घ्यायच्या इन्सुलिनचंही तेच. या दोन्हींचा डोस आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा, नंतर नाही. "डाएट करू का?" असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघमच मिळतं. असं विचारा: "सोमवारपासून पोळी-भात निम्म्यावर आणतोय. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आहे. किती ठेवायची, आणि शुगर किती खाली आली तर तुम्हाला फोन करायचा?" सोबत आठवड्याचे आकडे लिहिलेला कागद न्या. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करणं कोणत्याही परिस्थितीत नको.

नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, तर धोका निराळाच आहे. ही औषधं जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२०मध्ये संपल्यापासून ती आपल्याकडे स्वस्त झाली आणि भरपूर लिहून दिली जातात. कर्बोदकं, म्हणजे पोळी-भातातलं पिष्ट आणि साखर, एकदम खूप कमी केली किंवा उपास घडला, तर या औषधांवर असलेल्या काही जणांच्या रक्तात कीटोन आम्ल साचतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर शुगर १६०-२०० अशी बेताचीच दिसते. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, विलक्षण गळून जाणं ही त्याची लक्षणं. आकडा बरा दिसतोय म्हणून घरी थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा आणि गोळीचं नाव सांगायचं. ही गोळी चालू असताना दिवसाला ५० ग्रॅम कर्बोदकांच्या खालचा कडक कीटो आहार डॉक्टरांना न विचारता करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही औषधं एकटी असताना सहसा शुगर फार खाली नेत नाहीत. मेटफॉर्मिनचा बी-१२शी संबंध आहे, त्याकडे नंतर येते.

टाइप वन मधुमेह, गरोदरपण आणि किडनीचा पुढे गेलेला आजार यांत हा आहार आपल्या आपण सुरू करण्यासारखा नाही.

भाकरीचा हिशोब

"पोळी सोडा, भाकरी खा" हा सल्ला घरोघरी मिळतो. भाकरीत तंतू जास्त, ती चावून खावी लागते, पोट भरल्यासारखं वाटतं, हे सगळं खरं. पण कर्बोदकांच्या आकड्यात ती पोळीहून फारशी वेगळी नाही. १०० ग्रॅम पिठात बाजरीची सुमारे ६२ ग्रॅम, कणकेची ६४, नाचणीची ६७, ज्वारीची ६८ आणि तांदळाची ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात. नाचणी 'शुगरवाल्यांसाठी' म्हणून वाडगाभर सत्त्व पिणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. सत्त्व तर गाळलेलं असतं, त्यात तंतूही उरत नाहीत.

आता स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. भाकरीचं वजन करू नका, तिच्यात पाणी असतं. पीठ परातीत घेण्याआधी मोजा. घरोघरच्या मध्यम भाकरीला ४५ ते ५० ग्रॅम पीठ लागतं, मोठ्या तव्यावरच्या भाकरीला ७० ग्रॅमही जातं. ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे ३४ ग्रॅम कर्बोदकं. छोट्या फुलक्याला २५ ग्रॅम कणीक, म्हणजे १६ ग्रॅम. घडीची पोळी ३५-४० ग्रॅम कणकेची, म्हणजे २२ ते २५. शिजलेल्या भाताची १५० ग्रॅमची वाटी म्हणजे ४२ ग्रॅमच्या घरात. कोरडे पोहे ६० ग्रॅम घेतले तर ४६ ग्रॅम. म्हणजे दोन भाकऱ्या सोडून तीन फुलके खाणाऱ्याने आपल्या जिभेविरुद्ध काही केलेलं नसताना २० ग्रॅम कमी केले, आणि दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या धरणाऱ्याने उलट २० ग्रॅम वाढवले. आठवडाभर असं पीठ मोजलं की हात आपोआप बसतो, मग काटा लागत नाही.

दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं असली की तो कमी कर्बोदकांचा आहार म्हणायची पद्धत आहे. आपलं नेहमीचं शाकाहारी जेवण सहज २५० ते ३०० ग्रॅमवर जातं. तिथून एकदम ३०-४०वर उडी मारण्याची बहुतेकांना गरज नसते, आणि थकव्याच्या बऱ्याच तक्रारी त्या उडीतूनच येतात. पहिले दोन आठवडे १३०, मग आकडे बघून ९०-१००, हा उतार बऱ्याच जणांना झेपतो. भारतातल्या आहाराविषयीच्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२२च्या अभ्यासात तर नव्याने निदान झालेल्यांनी कर्बोदकं एकूण उष्मांकाच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणि प्रथिनं १९-२० टक्क्यांवर नेली, तरी शुगर औषधाशिवाय आटोक्यात येण्याला मदत होईल असा हिशोब मांडला आहे. म्हणजे टोकाला जाण्याआधी बरंच काही हाती लागतं.

चहा राहिलाच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर, कपाला १०० मिली दूध धरलं तर दुधातली आणखी २० ग्रॅम. सबंध भाकरीपेक्षा जास्त. साखर काढून गूळ घातला तरी शुगरच्या दृष्टीने फरक नगण्यच. आमटीतला गूळ आणि कोशिंबिरीतली चिमूटभर साखर याने फार बिघडत नाही, चहाने बिघडतं.

पहिल्या दहा दिवसांचा थकवा: मीठ आणि पाणी

स्नायूंत आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, आणि तिच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं कमी झाली की हा साठा वापरला जातो आणि पाणी सुटतं. शिवाय रक्तातलं इन्सुलिन उतरलं की किडनी जास्त सोडियम बाहेर टाकते. पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरतं ते यामुळे, चरबी इतक्या लवकर जात नाही. लघवीला वारंवार जावं लागतं, तोंड कोरडं पडतं, मग डोकं दुखणं, रात्री पोटरीत गोळे येणं, उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी.

हा थकवा ओळखायची खूण अशी: शुगर ११०-१५०च्या दरम्यान ठीक असते, भूक नसते, आणि खारवलेलं ताक प्यायल्यावर अर्ध्या तासात उभारी येते. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास नसेल तर पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पेलाभर पातळ ताकात पाव चमचा मीठ पुरतं. जिरेपूड घाला, हिंग घाला, साखर नको. चिकनचा किंवा भाज्यांचा साधा रस्सा, मीठ घातलेलं कोकमाचं पाणी, सोलकढी, सगळं चालतं. इलेक्ट्रॉलची पुडी मात्र या कामासाठी नाही, तिच्यात ग्लुकोज असतं.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मीठ वाढवायच्या आधी रक्तदाब मोजा. बसून एकदा, उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर गोळी आता जास्त होते आहे, डॉक्टरांना कळवा. टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड एकाच गोळीत असणं आपल्याकडे नेहमीचं. ही जोड-औषधं स्वतःच मीठ-पाणी बाहेर टाकतात, त्यात आहाराची भर पडते. म्हणून पुन्हा तोच सल्ला: पट्टी उलटी करून वाचा.

एक चूक फार होते. 'लो सोडियम' मीठ आरोग्याला चांगलं म्हणून आणलं जातं. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा घरात ते मीठ आणू नये.

ताटातला खड्डा

सगळ्यांत जास्त आढळणारा थकवा हा. दुपारच्या ताटातल्या दोन पोळ्या आणि वाटीभर भात काढला म्हणजे सुमारे ४५० ते ५०० उष्मांक काढले. त्या जागी काय आलं? बहुतेक ताटांत काकडीच्या चार चकत्या. भाजी तेवढीच, आमटी तेवढीच, वर "तूप-तेल तर आधीच बंद केलंय". ही सरळ उपासमार झाली, आणि उपासमारीत कुणालाही गळून जायला होतं. हा थकवा संध्याकाळी पाच-सहाला येतो, सोबत खा-खा असते, चिडचिड असते, आणि फरसाणाच्या डब्याकडे हात जातो.

खड्डा प्रथिनांनी आणि चांगल्या स्निग्धाने भरायचा. किडनी ठीक असेल तर वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिनं धरा: ७० किलोच्या माणसाला ७० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-१९, १०० ग्रॅम सुरमई-बांगड्यात २० च्या आसपास, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५. 'वरण खातो की, त्यात प्रथिनं आहेत' हे अर्धसत्य. २५ ग्रॅम तूरडाळीच्या वाटीभर वरणातून प्रथिनं मिळतात ५-६ ग्रॅम आणि कर्बोदकं १४. उसळी आणि डाळी जरूर खाव्यात, पण त्यांचा हिशोब धरून. बेसनाचंही तसंच. ३० ग्रॅम बेसनाच्या झुणक्यात १४ ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणून झुणक्यासोबत पूर्ण भाकरी नको, अर्धी.

एका दिवसाचं ताट असं बसतं. सकाळी बिनसाखरेचा, कमी दुधाचा चहा. न्याहारीला दोन अंड्यांची भुर्जी, कांदा-टोमॅटो-मिरची घालून, आणि वाटीभर घरचं दही. दुपारी दाण्याचं कूट घातलेली मोठी वाटीभर काकडीची किंवा कोबीची कोशिंबीर, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी यांपैकी एखादी पालेभाजी दोन वाट्या, मटकीची घट्ट उसळ एक वाटी, २५ ग्रॅम पिठाची अर्धी भाकरी, पेलाभर ताक. चारला मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री तेलात परतलेला बांगडा किंवा १०० ग्रॅम पनीर, दोडका, पडवळ, दुधी, फ्लॉवर असं काहीतरी भरपूर, आणि एक फुलका. संध्याकाळचा चहा सकाळसारखाच. हे सगळं ९०-९५ ग्रॅममध्ये बसतं. शाकाहारी घरात भुर्जीच्या जागी ४० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं केलं तर एकूण १५ ग्रॅम वाढतील, तेवढ्यापुरता रात्रीचा फुलका सोडायचा आणि पनीर तसंच ठेवायचं.

जवस, कारळे आणि तीळ यांच्या चटण्या इथे खऱ्या उपयोगी पडतात. दोन चमचे चटणी आणि वर कच्चं शेंगदाणा तेल: ताटाला चव येते, पोट तीन-चार तास भरलेलं राहतं. तूप एखादा चमचा ठीक. पण कर्बोदकं कमी केली म्हणून लोणी-चीज-नारळाचं दूध यांना मोकळं रान दिलं तर काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल बरंच चढतं. तीन महिन्यांनी लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासल्याशिवाय आपल्याला चाललंय असं समजू नये.

भाकरी कमी झाली की बद्धकोष्ठ होतं, तेही अंगावर सुस्ती आणतं. रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यातून घ्यायचं. पाणी कमी घेतलं तर इसबगोलानेच आणखी कोंडतं.

ताटात जेवायचा क्रमही बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा मासा, आणि भाकरी शेवटच्या पाच मिनिटांत. तेवढीच कर्बोदकं शेवटी खाल्ली तर शुगरचं टोक कमी चढतं. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं याचाही असर त्याच वेळी दिसतो, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो. दुपारच्या जेवणानंतरची झापड यानेच बरीच कमी होते.

हात थरथरतात, पण आकडा ११५

वर्षानुवर्षं २५०-३००वर राहिलेल्या शरीराला तीच पातळी नेहमीची वाटू लागते. शुगर १२०वर आली तरी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो: घाम, छातीत धडधड, थरथर, भूक. लक्षणं खरी, पण शुगर कमी झालेली नसते. अशा वेळी आधी मोजायचं. ७०च्या वर असेल तर साखर खायची नाही. ताक किंवा मूठभर शेंगदाणे घ्या, वीस मिनिटं बसा, पुन्हा मोजा. दोन-चार आठवड्यांत शरीर नव्या पातळीला रुळतं. प्रत्येक वेळी घाबरून साखर खाल्ली तर ते रुळतच नाही.

आकडा ७०च्या खाली असेल तर मात्र वेळ घालवायचा नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मोजायला यंत्र हाताशी नसेल आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर शुगर कमीच आहे असं धरून चालायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची.

इथे एक बारीक गोष्ट फार थोड्यांना सांगितलेली असते. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर नीट काम करत नाही. ही औषधं आतड्यात साखरेचे तुकडे होण्याची क्रियाच मंदावतात. अशी गोळी घेणाऱ्यांना ग्लुकोज पावडरच लागते, कारण ती आणखी मोडावी लागत नाही. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली गोळी घेणाऱ्याच्या खिशात पिठीसाखरेची पुडी उपयोगाची नाही. आणि ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली शुगर एकदा वर येऊन तासा-दोन तासांनी पुन्हा घसरू शकते. म्हणून सावरल्यावर फुलका-भाजी असं काहीतरी खायचं, लगेच झोपायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवायचंच.

आहाराचा दोष नसलेला थकवा

तीन आठवडे झाले, मीठ-पाणी ठीक, पोट भरलेलं, आकडे ८० ते १८०च्या आत, तरीही थकवा जात नाही. आता आहाराला दोष देणं थांबवून रक्त तपासा. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्याने बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं. तळपायांना मुंग्या येणं हे 'शुगरचंच' म्हणून सोडून दिलं जातं, पण त्यात बी-१२चा वाटा असू शकतो. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हेही त्याच वेळी बघून घ्या. जोरजोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा आणि सकाळी उठल्यावरही न झोपल्यासारखा वाटणारा माणूस कितीही नीट जेवला तरी दिवसभर पेंगतो. त्याला झोपेची तपासणी लागते.

मोजताना होणाऱ्या चुका

कर्बोदकांचा माणसागणिक परिणाम वेगळा, म्हणून शेवटी आपलं ताट आपल्याच आकड्यांवर ठरतं. जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसऱ्यांदा. जेवण संपल्यापासून दोन तास मोजले तर टोक निघून गेलेलं असतं. दोन आकड्यांतला फरक ४०च्या आत राहिला तर ते ताट तुम्हाला झेपलं. ८०-९०चा फरक आला तर तेच ताट दुसऱ्या दिवशी अर्ध्या भाकरीने कमी करून पुन्हा मोजा. रोज सात वेळा बोट टोचायची गरज नाही, एका दिवशी न्याहारी, दुसऱ्या दिवशी दुपार, तिसऱ्या दिवशी रात्र अशी जोडी घेतली तरी आठवड्याचं चित्र उभं राहतं.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं हाताळलेल्या बोटावर ५०-१०० अंकांनी जास्त शुगर दिसू शकते, आणि त्यावरून कुणी इन्सुलिन वाढवलं तर अनर्थ. बोटाच्या टोकावर टोचू नका, बाजूला टोचा, आणि दाबून दाबून रक्त काढू नका. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत, उघडी राहिली तर पट्ट्या बिघडतात. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट. डबी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. चांगल्या यंत्रालाही १५ टक्क्यांची सूट असते, म्हणून १२८ आणि १३९ यांत फरक शोधत बसू नका.

सकाळी उपाशीपोटीची शुगर सगळ्यांत शेवटी खाली येते. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत यकृतातून ग्लुकोज सोडतं. दिवसाचे आकडे सुधारले आणि सकाळचा १४०वरच अडला, म्हणून रात्रीचं जेवण बंद करणाऱ्यांचा थकवाच तेवढा वाढतो. त्याला दोन-तीन महिने द्या.

एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, दर तीन महिन्यांनी. रक्तात लोह कमी असेल तर तो खोटा जास्त दिसू शकतो, आणि सिकल सेल किंवा थॅलेसेमियाचा वारसा असेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेल बऱ्याच घरांत असतो, तिथे डॉक्टरांना हे आठवणीने सांगावं. औषधाशिवाय किमान तीन महिने एचबीए१सी ६.५च्या खाली राहिला तर त्याला मधुमेहाची माघार म्हणतात. २०२१ साली तज्ज्ञांनी ठरवलेली ही व्याख्या आहे. माघार आली तरी डोळ्यांची, पायांची आणि किडनीची वार्षिक तपासणी चालूच ठेवायची.

एकादशी आणि पुरणपोळी

साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत ५० ग्रॅमवर कर्बोदकं, बटाट्याची वेगळी. भगर आणि राजगिऱ्याच्या पिठाने फारसं भागत नाही, तीही ६० टक्क्यांच्या पुढेच. उपास करायचाच असेल तर दाण्याची घट्ट आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, ओलं खोबरं, ताक यांच्यावर करता येतो, सोबत भगर पाव वाटी. 'फ्लोझिन' किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी निर्जळी उपास करू नये. श्रावण किंवा नवरात्र लागायच्या आठवडाभर आधी गोळीचं विचारून ठेवावं.

महिनाभर कमी कर्बोदकं खाल्ल्यावर सणाला एकदम दोन पुरणपोळ्या, भात आणि कटाची आमटी झाली तर शुगर पूर्वीपेक्षाही उंच उडते. "आहाराने आजार वाढला" असा समज इथून पसरतो. कर्बोदकांची सवय मोडल्यावर शरीर ती एकदम हाताळायला काही दिवस घेतं, एवढंच त्यामागचं कारण. अर्धी पुरणपोळी तूप घालून, भाजी-कोशिंबीर खाऊन झाल्यावर, भात त्या दिवशी नाही, आणि नंतर वीस मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपाशी राहायचं नाही, नेहमीचं ताट घ्यायचं.

डोळ्यांचं एक सांगायचं राहिलं. बऱ्याच वर्षांची चढी शुगर झपाट्याने उतरली तर डोळ्याच्या पडद्यावरचा जुना विकार काही काळ बळावू शकतो, म्हणून आहार सुरू करण्याआधी बुबुळ मोठं करून पडदा तपासून घ्या. आणि पहिल्या काही आठवड्यांत वाचताना अंधुक दिसू लागलं तर ते बहुधा शुगर उतरल्याने डोळ्यातल्या भिंगातलं पाणी बदलल्यामुळे असतं, नंबर हळूहळू स्थिर होतो. सहा-आठ आठवडे नवा चष्मा करायला टाकू नका. पण एकाएकी काळे ठिपके तरंगू लागले, पडदा आल्यासारखं झालं किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.